बरे झालेल्या मुलाची फाईल जपून ठेवा

शेवगाव तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईत जवळजवळ तीन वर्षे उपचार चालले आणि मुलगा बरा झाला. आज तो एकोणीस वर्षांचा आहे. वडील लिहितात, ''औषधे बंद होऊन दहा वर्षे झाली. पोरगा धडधाकट आहे, शेतात राबतो, क्रिकेट खेळतो. तरी डॉक्टर दरवर्षी तपासणीला बोलावतात. जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात, पैसा जातो आणि भावकीत पुन्हा कुजबूज सुरू होते ती वेगळीच. आता जाणे बंद केले तर चालेल का?''

उत्तर आधी देतो. चालणार नाही. मात्र याचा अर्थ मुलाचा कॅन्सर परत येणार आहे असा अजिबात नाही. उपचार संपून इतकी वर्षे रोग परतला नसेल तर तो परतण्याची शक्यता फारच थोडी उरते. मग तपासणी कशासाठी? तर ज्या औषधांनी मुलाचा जीव वाचवला, त्यांनी जाताना शरीरात काही खुणा ठेवल्या आहेत का, हे पाहण्यासाठी. हा विषय आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. म्हणून आजचा लेख त्याच विषयावर लिहीत आहे.

मुलांचा कॅन्सर बरा होतो

प्रथम एक गैरसमज दूर करू. कॅन्सर म्हणजे मरण, हे समीकरण अजून खेड्यापाड्यांत पक्के बसलेले आहे. मोठ्या माणसांचे काहीही असो, लहान मुलांच्या बाबतीत ते समीकरण केव्हाच मोडले आहे. मुलांचे कॅन्सर वेगळे असतात. रक्ताचा कॅन्सर, मेंदूतील गाठी, मानेतील व पोटातील लसीका ग्रंथींच्या गाठी, मूत्रपिंडाची विल्म्स नावाची गाठ, डोळ्यातील गाठ आणि हाडांचे कॅन्सर, हे त्यांतले प्रमुख. यांतील बरेचसे औषधांना चांगली दाद देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली शंभरातली ८० हून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण कमी आहे, कारण निदान उशिरा होते आणि उपचार अर्धवट सुटतात. २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट या संघटनेने २०१८ मध्ये ठेवले.

या यशाच्या मुळाशी एका भारतीयाचा हात आहे, हे आपल्या वाचकांना वाचून आनंद होईल. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधन करीत असत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमिनोप्टेरिन हे औषध तयार झाले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कॅन्सरने खंगलेल्या मुलांना दिले. काही मुलांचा रोग काही काळापुरता का होईना, मागे हटला. ही गोष्ट १९४८ साली प्रसिद्ध झाली आणि औषधाने रक्ताचा कॅन्सर हटवता येतो हे जगाला प्रथमच कळले. त्याच कुळातील मेथोट्रेक्झेट हे औषध आजही मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात.

तेव्हा मुले वाचू लागली. ती मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांना मुलेबाळे झाली. आणि मग डॉक्टरांच्या लक्षात आले की वाचलेल्या या मुलांच्या तब्येतीच्या काही तक्रारी इतरांपेक्षा वेगळ्या आहेत.

तण मरते, पण पिकालाही झळ बसते

आपला जिल्हा शेतकऱ्यांचा. त्यामुळे शेतातलेच उदाहरण देतो. उसात तण माजले की आपण तणनाशक मारतो. औषध तणावर बेतलेले असते, तरीही उसाच्या पानांना थोडी झळ लागतेच. निबर उसाला ती फारशी जाणवत नाही, पण कोवळ्या फुटव्याला जास्त लागते. कॅन्सरच्या औषधांचेही असेच आहे. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणे हे त्यांचे काम. मुलाच्या शरीरात तर सगळेच वाढीला लागलेले असते. हाडे लांबत असतात, मेंदू घडत असतो, हृदय मोठे होत असते, पुढे वयात येण्याची तयारी चाललेली असते. म्हणून मूल जितके लहान, तितकी काही अवयवांना झळ जास्त.

केस गळणे, उलट्या, तोंड येणे, ताप हे त्रास उपचार चालू असतानाच होतात आणि नंतर थांबतात. ते सर्वांना ठाऊक आहेत. आपण बोलतो आहोत ते उशिरा उमटणाऱ्या परिणामांविषयी. हे पाच, दहा, कधी वीस-पंचवीस वर्षांनी डोके वर काढतात. तोपर्यंत घरचे लोक ते दुखणे विसरून गेलेले असतात. मग धाप लागली तर ती अशक्तपणावर जाते, उंची खुंटली तर ती घराण्यावर जाते आणि अभ्यासात मागे पडले तर मुलाला आळशी ठरवले जाते.

अमेरिकेत बरे झालेल्या दहा हजारांहून अधिक मुलांची मोठेपणी पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील शंभरातल्या सुमारे ६२ जणांना काही ना काही जुनाट तक्रार होती आणि सुमारे २७ जणांची तक्रार गंभीर स्वरूपाची होती. हे आकडे वाचून घाबरून जाऊ नये. ही मुले १९७० ते १९८६ या काळात आजारी पडलेली होती. त्या वेळचे उपचार आजच्यापेक्षा कडक होते. अशा पाहण्यांमुळेच पुढे औषधांच्या मात्रा व शेक कमी करण्यात आले. पण आकड्यांचा मथितार्थ आजही खरा आहे. रोग गेला म्हणजे डॉक्टरांची गरज संपली, असे नाही.

कोणत्या उपचाराने काय होते?

सगळ्यांना सगळे होत नाही. कोणते औषध मिळाले, एकूण किती मिळाले, शेक कुठे दिला आणि तेव्हा वय काय होते, यावर सारे अवलंबून असते. मुख्य गोष्टी अशा :

हृदय : अ‍ॅड्रियामायसिन म्हणजेच डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध पालकांच्या चांगले लक्षात राहते, कारण त्यानंतर लघवीही लालसर होते. औषध फार गुणकारी, पण त्याने हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो. आयुष्यभरात मिळालेली एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५० मिलीग्रॅम किंवा अधिक झाली असेल, तर धोका जास्त मानतात आणि दर दोन वर्षांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, करावी असे सांगतात. छातीला शेक मिळाला असेल तर धोका वाढतो. सुरुवातीला लक्षण काहीच नसते. इकोमध्ये मात्र ते आधी दिसते आणि त्या टप्प्यावर औषधांनी हृदय सांभाळता येते.

डोके व वाढ : रक्ताच्या कॅन्सरमध्ये पूर्वी मेंदूला शेक सर्रास देत असत. आपल्याकडे याला 'लाईट घेणे' म्हणतात. त्याने मुलांची उंची कमी राहणे, गणित व पाठांतर जड जाणे, काम सावकाश होणे असे प्रकार आढळले. म्हणून अलीकडे जगभर हा शेक पुष्कळ कमी केला आहे आणि त्याऐवजी पाठीच्या कण्यातून इंजेक्शने देतात. मेंदूच्या गाठींमध्ये मात्र तो अजून लागतो. अशा मुलाची उंची दर सहा महिन्यांनी भिंतीवर खूण करून नोंदवावी. वाढ थांबलेली वाटली तर वेळीच संप्रेरकांची तपासणी होऊ शकते.

थायरॉईड : मानेला शेक मिळालेल्यांची थायरॉईड ग्रंथी काही वर्षांनी मंदावते. सुस्ती, वजन वाढणे, पाळी बिघडणे ही लक्षणे. रक्ताची साधी तपासणी व रोजची एक गोळी एवढ्यावर प्रश्न सुटतो. मानेत नवी गाठ लागली तर मात्र लगेच दाखवावी.

कान : सिसप्लॅटिन या औषधाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. हाक मारली की मूल वळून पाहते, म्हणून कान चांगले असावेत असे आपल्याला वाटते. पण वर्गात त्याला 'स', 'श', 'फ' ही अक्षरे नीट कळत नाहीत आणि शुद्धलेखनात चुका होतात. कानाची यंत्रावरील तपासणी केली की कळते.

मूत्रपिंड : विल्म्स गाठीसाठी एक मूत्रपिंड काढलेले असते. एकावर माणूस उत्तम जगतो. पण त्या एकाला जपायला हवे. दरवर्षी रक्तदाब व लघवी तपासावी, आणि अंग दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन खाण्याची सवय तर मुळीच लावून घेऊ नये.

हाडे व फुप्फुसे : स्टिरॉईडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, क्वचित खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा बिघडतो. तरुण वयात मांडी घालताना खुबा दुखू लागला तर दुर्लक्ष करू नये. ब्लिओमायसिन या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते. हे औषध मिळालेल्याने पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ते सांगितलेच पाहिजे, कारण प्राणवायू किती द्यायचा हे त्यावर ठरते.

अपत्यप्राप्ती : सायक्लोफॉस्फामाईड, इफॉस्फामाईड यांसारख्या औषधांच्या मोठ्या मात्रेने व ओटीपोटाच्या शेकाने मुलांमध्ये शुक्रजंतू कमी होऊ शकतात, तर मुलींची पाळी लवकर जाऊ शकते. तरीही बरे झालेल्या पुष्कळांना मुले होतात. वयात आलेल्या मुलाचे उपचार सुरू होण्यापूर्वी त्याचे वीर्य गोठवून ठेवता येते. संकोच न करता डॉक्टरांना हे विचारावे. नंतर विचारून उपयोग नसतो.

दुसरा कॅन्सर : हे प्रमाण थोडे आहे, पण आहे. विशेषतः लहानपणी छातीला शेक मिळालेल्या मुलींनी स्तनांची तपासणी फार आधी सुरू करावी लागते. वयाची पंचविशी किंवा शेकानंतरची आठ वर्षे, यांतले जे नंतर येईल तेव्हापासून ती दरवर्षी करावी.

कावीळ : जुन्या काळी उपचार घेतलेल्यांना रक्ताच्या अनेक बाटल्या द्याव्या लागत. दान केलेल्या रक्ताची हेपॅटायटिस सी साठी तपासणी करण्याची सक्ती आपल्याकडे बऱ्याच उशिरा आली. त्यापूर्वी रक्त मिळालेल्यांनी ही तपासणी एकदा तरी करून घ्यावी. आता त्यावर गोळ्यांचा चांगला उपचार आहे आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून तो मोफत दिला जातो.

चुलीत गेलेली फाईल

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. वरील प्रत्येक ओळीत एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे, आपल्याला कोणते औषध किती मिळाले हे माणसाला ठाऊक असणे. प्रत्यक्षात काय होते ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात बावीस-तेवीस वर्षांची एक सून आली. सातवा महिना होता. चालताना धाप लागे, रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नसे. सासूबाई म्हणाल्या, ''रक्त कमी असंल, डॉक्टर. एखादी बाटली लावा.'' रक्त काही इतके कमी नव्हते. नाडी मात्र फार वेगात चालत होती आणि छातीत खाली बारीक खरखर ऐकू येत होती. मी मुलीच्या आईला बोलावून घेतले व बाजूला नेऊन विचारले, ''हिला लहानपणी काही मोठे दुखणे झाले होते का?'' आई बराच वेळ गप्प राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, ''नवव्या वर्षी मानेत गाठी झाल्या होत्या. कॅन्सरच्या. सहा महिने लाल सलाईन दिलं होतं. पण डॉक्टर, तिच्या सासरी बोलू नका.''

कागदपत्रे मागितली, तर कळले की लग्न ठरले त्या आठवड्यात सगळी फाईल चुलीत घातली. पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून. आणि त्याहून अवघड गोष्ट अशी, की त्या मुलीला स्वतःलाच आपल्याला काय झाले होते ते ठाऊक नव्हते. लहानपणी 'टीबीच्या गाठी' होत्या, एवढेच तिला सांगितले होते.

इको केला. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली होती. तिला त्याच दिवशी पुण्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, सर्व तयारीनिशी झाले. बाळ-बाळंतीण दोघेही सुखरूप आहेत आणि ती आज नियमित गोळ्या घेते. पण पंधरा दिवस उशीर झाला असता तर हे वाक्य मला लिहिता आले नसते. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण बरेच वाढते आणि ते सारे हृदयालाच पेलावे लागते. हे आधी ठाऊक असते तर दिवस राहण्यापूर्वीच इको झाला असता.

मी त्या आईला दोष देत नाही. पोरीला मरणाच्या दारातून आणायचे आणि मग तिचे लग्न मोडू नये म्हणून ते मरणच लपवायचे, ही तिची कोंडी आपल्या समाजाने केलेली आहे. आपल्याकडे स्थळ पाहायला आलेले पाहुणे आधी शेजारी चौकशी करतात. 'कॅन्सरची पोर' म्हटले की तिच्या धाकट्या बहिणीचेही जमत नाही. पण हा धाक ज्या समजुतींवर उभा आहे त्या समजुतीच खोट्या आहेत. कॅन्सर स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा संसाराने लागत नाही. बहुतेक प्रकारांत बरे झालेल्यांच्या मुलांना कॅन्सर होण्याचा किंवा व्यंग असण्याचा धोका इतरांपेक्षा विशेष जास्त नसतो. डोळ्यातील गाठीचा काही घराण्यांत चालणारा प्रकार हा ठळक अपवाद आहे, आणि तेथे बाळाचे डोळे जन्मल्यापासून तपासून घेता येतात.

सासरी सांगावे की नाही, हा त्या कुटुंबाचा निर्णय. माझे मत विचाराल तर सांगूनच सोयरीक करावी. लपवलेली गोष्ट बाळंतपणात नाहीतर आजारपणात उघडी पडते आणि तेव्हा मुलीची बाजू घ्यायला कोणी उरत नाही. पण दोन माणसांपासून ती कधीही लपवू नये. एक म्हणजे स्वतः तो मुलगा किंवा मुलगी, आणि दुसरे म्हणजे तिचे डॉक्टर. मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की त्याला जवळ बसवून रोगाचे खरे नाव, उपचार आणि तपासणीचे कारण सांगावे. मुले आपल्याला वाटते त्यापेक्षा शहाणी असतात. आपल्या अंगावरचा व्रण कशाचा, हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे.

फाईलमध्ये काय असावे?

उपचार संपताना रुग्णालयाकडून उपचारांचा सारांश लिहून मागावा. एक-दोन पानांचा कागद पुरतो. त्यात पुढील गोष्टी हव्यात :

१. रोगाचे नेमके नाव, निदानाची व उपचार संपल्याची तारीख.
२. मिळालेल्या प्रत्येक औषधाचे नाव. त्यातही अ‍ॅड्रियामायसिनसारख्या औषधांची एकूण मात्रा.
३. शेक दिला असल्यास शरीराच्या कोणत्या भागाला व एकूण किती.
४. शस्त्रक्रिया झाली असल्यास काय काढले. मूत्रपिंड, प्लीहा इत्यादी.
५. रक्त कधी दिले.
६. पुढे कोणती तपासणी किती वर्षांनी करायची.

जुन्या रुग्णांनीही निराश होऊ नये. फाईल हरवली असेल तरी केस पेपरचा नंबर किंवा उपचाराचे साल सांगून रुग्णालयात चौकशी करावी. मोठ्या रुग्णालयांत जुन्या नोंदी बऱ्याचदा मिळतात. सारांशाच्या तीन झेरॉक्स काढाव्यात. एक घरी ट्रंकेत, एक मुलाजवळ, एक घरच्या डॉक्टरांकडे. हल्ली मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवता येतो. तोही काढावा, पण मोबाईल हरवतो आणि पडतो. कागद ठेवावाच.

कोठे जावे?

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने, जे १९४१ पासून परळला उभे आहे, १९९१ साली बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळे बाह्यरुग्ण केंद्र सुरू केले. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. देशातले या प्रकारचे ते पहिलेच केंद्र. 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी', थोडक्यात 'अ‍ॅक्ट' क्लिनिक या नावाने ते ओळखले जाते. तेथे मुलाची वाढ, हृदय, संप्रेरके पाहतात आणि शाळा, नोकरी, लग्न यांविषयीच्या अडचणीही ऐकून घेतात. याच मुलांनी मोठेपणी एकत्र येऊन इंडियन कॅन्सर सोसायटीच्या मदतीने २००९ साली 'उगम' हा गट उभा केला. आजारी मुलांच्या पालकांना ही बरी झालेली तरुण मंडळी भेटतात. ''आम्हीही याच खाटेवर होतो,'' असे सांगणारा धडधाकट तरुण समोर उभा राहिला की आईबापांना जो धीर येतो, तो माझ्यासारख्या दहा डॉक्टरांनी सांगून येत नाही.

पण प्रत्येक तपासणीसाठी नगरहून मुंबई गाठायलाच हवी असे नाही. मूळ रुग्णालयाने ठरवून दिले असेल तेव्हा तेथे जावे. मधल्या काळात रक्तदाब, वजन, उंची, लघवी, थायरॉईड, साखर व हिमोग्लोबिन या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. इको जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पुण्यातही मुलांच्या कॅन्सरचे तज्ज्ञ आहेत. अट एकच. हातात तो सारांशाचा कागद हवा. तो पाहिल्याशिवाय माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरला काय शोधायचे तेच कळत नाही, आणि तो पाहिला की अर्धे काम होते.

घरी काय काळजी घ्यावी?

तंबाखू, गुटखा, मिसरी, विडी यांपैकी कशालाही या मुलांनी हात लावू नये. इतरांना जे घातक, ते यांना दुपटीने घातक समजावे. घरात वडीलधारे ओढत असतील तर त्यांनीही विचार करावा.

वजन आटोक्यात ठेवावे. आजारातून उठलेल्या लेकराला तूप, पेढे, बिस्किटे भरवण्याची हौस समजू शकतो, पण दहा वर्षांनंतरही ती चालू राहिली तर लठ्ठपणा, रक्तदाब व मधुमेह मागे लागतात. भाकरी, डाळ, उसळी, पालेभाज्या, एक वाटी दही आणि रोज तासभर खेळ, एवढे पुरे. खेळायला बंदी करू नये. हृदयाची शंका असेल तेथे मात्र जोर, बैठका आणि वजने उचलण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारून करावा.

लसीकरण पुन्हा पाहून घ्यावे. किमोथेरपीने आधी घेतलेल्या लसींची शक्ती ओसरू शकते. साधारणतः उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी काही लसी पुन्हा देतात. प्लीहा काढलेल्या मुलाला न्यूमोनियाची लस आवश्यक असते आणि त्याला थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टर गाठावा.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्ष-दोन वर्षे शाळा बुडालेले मूल परत वर्गात येते तेव्हा त्याला पुढच्या बाकावर बसवा, परीक्षेत थोडा जास्त वेळ लागत असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून तशी सोय करा, आणि टोपी घातलेल्या त्या डोक्यावरून वर्गात कोणी हसत असेल तर ते पहिल्याच दिवशी थांबवा. त्याला दया नको असते. त्याला इतरांसारखे वागवलेले हवे असते.

शेवगावच्या त्या वाचकांनी दोन दिवस मोडण्याची तक्रार केली आहे, ती रास्त आहे. एसटीचे भाडे, मुक्काम, बुडालेली मजुरी यांचा हिशेब गरिबाला करावाच लागतो. म्हणून त्यांना सुचवतो की पुढच्या खेपेला तेथील डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, ''यांतल्या कोणत्या तपासण्या आमच्याकडे करता येतील व इकडे किती वर्षांनी येऊ?'' डॉक्टर आनंदाने लिहून देतील. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, तेव्हा त्यालाच पुढे करा. प्रश्न त्याने विचारावेत, कागद त्याने सांभाळावा. उद्या आपण नसू तेव्हाही हे शरीर त्याला पुढची पन्नास-साठ वर्षे चालवायचे आहे.

आणि ज्या घरात असे बरे झालेले लेकरू आहे, त्या प्रत्येक घराला सांगणे एवढेच की आज संध्याकाळी कपाट उघडा, ती जुनी फाईल शोधा आणि तिला प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्ड व सातबाऱ्याच्या शेजारी ठेवा. तिची किंमत त्यांच्याहून कमी नाही.